परीकथा चित्रांतून नव्यानं सांगताना: पहिलं चित्रपुस्तक करणाऱ्यांसाठी

सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली मुलगी, हॅन्सेल आणि ग्रेटेल. पुस्तक हातात येण्याआधीच या गोष्टी मुलांना अर्ध्यामुर्ध्या ठाऊक झालेल्या असतात. त्यामुळे परीकथेचं चित्रपुस्तक करायला बसलेल्या माणसापुढे पहिला पेच हाच असतो. पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला माहीत आहे, मग त्यानं पान का उलटावं? माझं उत्तर असं की घटना जुन्याच राहू द्याव्यात. त्या कधी दिसतात, किती दिसतात आणि कुणाच्या नजरेनं दिसतात, यावर सगळी मेहनत घ्यावी. चित्रपुस्तकात ही मेहनत शेवटी पान उलटण्याच्या क्षणाभोवतीच फिरते. खालच्या सगळ्या पायऱ्या तिकडेच नेणाऱ्या आहेत. उदाहरणाला मुख्यतः लाल टोपीवालीची गोष्ट घेतली आहे, कारण ती लहान आहे, तिच्यात पात्रं मोजकी आहेत आणि भीतीचा प्रश्न तिच्यात टाळताच येत नाही.

पहिली पायरी: आपण कोणती गोष्ट सांगतोय ते शोधा

आठवणीतल्या गोष्टीवरून लिहायला लागू नका. आपल्या आठवणीत सिनेमा, शाळेचं पुस्तक आणि आजीनं सांगितलेली गोष्ट यांची सरमिसळ झालेली असते. आधी मूळ रूपं वाचा, निदान दोन तरी.

युरोपातल्या या कथांचे तीन मोठे उगम लक्षात ठेवले की काम सोपं होतं. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाचा संग्रह १६९७ मध्ये आला. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन भावांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये आणि दुसरा १८१५ मध्ये निघाला. पुढे ते त्यात सतत बदल करत राहिले. सातवी आणि त्यांच्या हयातीतली शेवटची मोठी आवृत्ती १८५७ ची. तिसरे डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन अँडरसन. त्यांच्या परीकथा १८३५ पासून छोट्या पुस्तिकांतून येऊ लागल्या. पेरो आणि ग्रिम बंधू लोकांच्या तोंडी असलेल्या कथांना आकार देत होते, तर अँडरसननी बहुतेक गोष्टी स्वतः रचल्या. हा फरक कामाच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो. लोककथेचा सांगाडा घेऊन तुम्ही तिला नवी भाषा देऊ शकता. अँडरसनच्या गोष्टीत मात्र सांगणाऱ्याचा आवाज हाच गोष्टीचा मोठा भाग असतो. छोट्या जलपरीच्या गोष्टीतलं दुःख काढून टाकलं, तर हातात नुसता कथासारांश उरतो.

आता लाल टोपीवालीकडे पाहा. पेरोच्या गोष्टीत लांडगा आजीला खातो, मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. शिकारी नाही, सुटका नाही. खाली पद्यात एक ताकीद आहे, एवढंच. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत शिकारी येतो, कात्रीनं लांडग्याचं पोट उघडतो, दोघी जिवंत बाहेर येतात आणि पोटात दगड भरले जातात. इथपर्यंत अनेकांना ठाऊक असतं. पण ग्रिमच्या गोष्टीला पुढे एक शेपूटही आहे. पुन्हा एकदा मुलगी आजीकडे निघते, पुन्हा एक लांडगा भेटतो. या वेळी ती वाट सोडत नाही, थेट आजीच्या घरी येऊन तिला सांगते. लांडगा छपरावर दबा धरून बसतो. आजीच्या सांगण्यावरून मुलगी सॉसेज उकडलेलं पाणी दारापुढच्या दगडी कुंडात ओतते. त्या वासानं लांडगा खाली वाकतो, घसरतो आणि बुडतो. हा भाग चित्रपुस्तकांत क्वचितच दिसतो. मुलगी स्वतः हुशारीनं वागते अशी गोष्ट तुम्हाला सांगायची असेल, तर नवं काही रचायची गरजच नाही. मूळ गोष्टीतच ते आहे.

अशी खजिन्याची जागा बहुतेक कथांत सापडते. सिंड्रेलाचा काचेचा बूट, भोपळ्याची गाडी आणि परी हे सगळं पेरोचं. ग्रिमच्या सिंड्रेलाकडे परी नाही. आईच्या थडग्यावर तिनं लावलेलं हेझलचं झाड आहे, त्यावर येणारा पांढरा पक्षी आहे, आणि बूट सोन्याचा आहे. चित्रकाराला विचाराल तर थडग्यावरचं झाड ही केवढी मोठी देणगी! रोप, वाढलेलं झाड, पक्षी, झाडावरून खाली पडणारा पोशाख: एकाच जागेतून आख्खी गोष्ट उलगडता येते. बेडूक राजपुत्राच्या गोष्टीत राजकन्या बेडकाचा मुका घेते असं आपण धरून चालतो. ग्रिमच्या गोष्टीत ती चिडून त्याला भिंतीवर आपटते आणि त्यातून राजपुत्र उभा राहतो. हिमगौरीचा छळ करणारी राणी १८१२ च्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. तीन अस्वलांची गोष्ट रॉबर्ट साउदी यांनी १८३७ मध्ये छापली तेव्हा घरात शिरणारी एक म्हातारी होती. सोनेरी केसांची मुलगी नंतर आली.

एका वहीत दोन रकाने करा. डावीकडे एका आवृत्तीतले प्रसंग, उजवीकडे दुसरीतले. कुठे काय बदलतं त्याखाली रेघ मारा. तुमचं पुस्तक बहुधा त्या रेघांवरच उभं राहील.

हक्कांबद्दल दोन वाक्यं इथेच सांगून टाकते. पेरो, ग्रिम बंधू आणि अँडरसन यांच्या मूळ कथांवर आता कुणाचा हक्क नाही. पण कालपरवा झालेल्या अनुवादावर अनुवादकाचा हक्क असतो. देशानुसार तो मृत्यूनंतर ५०, ६० किंवा ७० वर्षं टिकतो, म्हणून एखाद्या अनुवादातली वाक्यं उचलू नका. सिनेमानं भर घातलेल्या गोष्टींनाही हात लावू नका. ग्रिमच्या हिमगौरीच्या गोष्टीतल्या सात बुटक्यांना नावं नाहीत. १९३७ च्या डिस्नेच्या प्रसिद्ध सिनेमातली नावं, टोप्या आणि राजकन्येच्या पोशाखाचे ते ठरावीक रंग त्या सिनेमाचे आहेत.

दुसरी पायरी: कुणासाठी, आणि गोष्ट कुणाची?

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी पानावर एखादं-दुसरं वाक्य, पुन्हा पुन्हा येणारी ओळ आणि ठळक आकार लागतात. तीन डुकरं किंवा तीन अस्वलं त्या वयाला शोभतात. चार ते सात हे चित्रपुस्तकाचं खरं वय. या वयात सलग कथानक पेलतं. आठच्या पुढच्या मुलांना गोष्टीचा उलटा कोन आवडतो, कारण मूळ गोष्ट त्यांना पाठ असते.

वय ठरलं की एक वाक्य लिहा: 'ही गोष्ट अमक्याची आहे, त्याला अमुक हवं आहे.' लाल टोपीवालीची गोष्ट रस्ता सोडून फुलांकडे ओढल्या जाणाऱ्या मुलीची असू शकते. दार लावून पडलेल्या, वाट बघणाऱ्या आजीचीही असू शकते. हे वाक्य ठरेपर्यंत चित्र काढायला घेऊ नका, नाहीतर प्रत्येक पानावर कॅमेरा वेगळ्याच माणसामागे धावतो.

तिसरी पायरी: ३२ पानांची डमी

चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची का असतात? मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून तो घड्या घालून कापला की ८, १६ किंवा ३२ पानं मिळतात. त्यामुळे पानांची संख्या ८ किंवा १६ च्या पटीत ठेवणं छपाईला सोयीचं जातं. पहिलं पुस्तक करताना हे बंधन मुकाट्यानं स्वीकारा. त्याचा फायदाच होतो.

आठ कोरे कागद घ्या, मधोमध दुमडा, एकात एक घाला आणि घडीवर टाके किंवा स्टेपल मारा. झाली ३२ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. पानांवर आकडे घाला. पान १ शीर्षकाचं. पान २ आणि ३ हक्कांची माहिती आणि अर्पणपत्रिका यांच्याकडे जातात. गोष्ट ४-५ या जोडपानावर (समोरासमोरच्या दोन पानांवर) सुरू होऊन ३०-३१ वर संपते. म्हणजे तुमच्याकडे चौदा जोडपानं आहेत, आणि वर ३२ हे एकटं पान. या एकट्या पानाला मी फार जपते. गोष्ट संपल्यावर, मजकूर थांबल्यावर, तिथे एक लहानसं चित्र येऊ शकतं: खुंटीला टांगलेली टोपी, किंवा कुंडातून वर आलेले बुडबुडे.

आता पूर्ण गोष्ट चौदा प्रसंगांत वाटा. इथे नवशिक्यांचं पुस्तक हमखास एका ठिकाणी फसतं. सुरुवातीला ओळख, घर, आई, टोपी यात पाच-सहा जोडपानं निघून जातात आणि लांडगा, आजी, सुटका सगळं शेवटच्या तिघांत कोंबावं लागतं. लांडगा तिसऱ्या जोडपानाच्या आत दिसलाच पाहिजे. निदान त्याची सावली, निदान झाडामागचा कान.

हे वाटप आधी एका मोठ्या कागदावर काडेपेटीएवढ्या चौकटींत करा. चित्रं कच्ची असू द्या, काड्यांची माणसं चालतील. चौदा चौकटी एका नजरेत दिसल्या की कळतं की सलग सहा पानं एकाच अंतरावरून काढली आहेत, किंवा सगळीकडे माणसं मधोमध उभी आहेत. दूरचं दृश्य, जवळचा चेहरा, वरून दिसणारी पायवाट, मुलीच्या उंचीवरून दिसणारा लांडगा असे बदल याच टप्प्यावर करून घ्या. रंगवून झाल्यावर ते होत नाहीत. कुणाचंही मन धजत नाही.

चौथी पायरी: मजकूर छाटा

 परीकथेच्या चित्रपुस्तकाला पाचशे ते आठशे शब्द पुरतात. मूळ गोष्ट सहसा याहून बरीच मोठी असते. मग काय काढायचं?

समजा पहिला मसुदा असा झाला:

'दाट जंगलाच्या कडेला एका लहानशा घरात एक गोड मुलगी तिच्या आईबरोबर राहत होती. तिच्या आजीनं तिला लाल मखमलीची एक सुंदर टोपी दिली होती. ती टोपी तिला इतकी आवडायची की दिवसभर ती तीच घालून फिरायची. म्हणून सगळे तिला लाल टोपीवाली म्हणायचे. एक दिवस आई म्हणाली, "आजीला बरं नाही. ही टोपली तिला नेऊन दे. वाटेत रेंगाळू नकोस आणि पायवाट सोडू नकोस."'

छाटल्यावर:

'आजीनं टोपी दिली. लाल. मखमली.
ती डोक्यावरून उतरेचना.
"आजीला बरं नाही," आई म्हणाली. "ही टोपली देऊन ये. आणि पायवाट सोडू नकोस हं!"'

जंगल, घर, मुलगी, टोपलीतले जिन्नस हे सगळं चित्रात गेलं. 'डोक्यावरून उतरेचना' या ओळीला जोडून तीन लहान चित्रं काढता येतात: टोपी घालून आंघोळ, टोपी घालून झोप, टोपी घालून झाडावर. 'तिला टोपी फार आवडायची' हे वाक्य मग लागतच नाही. पण आईची ताकीद मात्र शब्दांतच ठेवली, कारण चित्राला 'नको' म्हणता येत नाही. मुलगी पायवाटेवर चालताना दाखवता येते. पायवाट सोडायची नाही हे दाखवता येत नाही.

मजकूर छाटताना मी हीच कसोटी लावते. जागा, पोशाख, हवा, आकार, चेहऱ्यावरचा भाव चित्राकडे सोपवा. मनाई, वचन, कारण, आवाज, वास, गेलेला काळ हे शब्दांकडे ठेवा. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पात्राला माहीत नसलेलं, पण वाचणाऱ्याला दिसणारं. मजकुरात मुलगी म्हणते, 'जंगल किती शांत आहे आज!' आणि चित्रात तिच्या मागच्या प्रत्येक झाडाआड एक पिवळा डोळा. मांडीवर बसलेलं मूल ओरडून तिला सावध करतं. वाचून दाखवणाऱ्याला जे कळलं नाही ते आपल्याला कळलं, या आनंदासाठी मुलं तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात.

रँडॉल्फ कॅल्डेकॉट या इंग्रज चित्रकाराकडून हे शिकावं. १८८२ मधल्या त्यांच्या एका बडबडगीताच्या पुस्तकात ओळ इतकीच आहे की बशी चमच्याबरोबर पळून गेली. गाणं तिथे संपतं. पुढच्या चित्रात बशीचे तुकडे होऊन पडलेत आणि काटा-सुरी चमच्याला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन चाललेत. मजकुरात या घटनेचा एक शब्द नाही. आजच्या चित्रपुस्तकाची सुरुवात अनेक जण त्यांच्यापासून मानतात, ते याचमुळे.

भाषा बोलीतली ठेवा. हे पुस्तक मोठ्यानं वाचलं जाणार आहे. 'ती भयभीत झाली' यापेक्षा 'तिच्या पोटात धस्स झालं' हे कानाला लागतं. मराठीत आवाजाचे शब्द मुबलक आहेत: टकटक, करकर, सर्रकन, धप्पकन, फुस्स. त्यांचा उपयोग करा, पण एका जोडपानावर एकच, म्हणजे त्याला वजन राहतं. फिरून येणारी एखादी ओळही हवी. तिसऱ्यांदा ती आली की मुलं ती तुमच्याआधी म्हणतात.

पाचवी पायरी: पान कुठे उलटतं?

हा लेख ज्या कारणासाठी लिहिला, ते इथे आहे. डाव्या पानावर प्रश्न, उजव्यावर उत्तर असं करू नका. दोन्ही एकदम दिसतात. प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी ठेवा, उत्तर पलीकडे.

आजीच्या खोलीतला संवाद यासाठी सोन्यासारखा आहे. ग्रिमच्या गोष्टीत मुलगी चार गोष्टी विचारते: कान, डोळे, हात, तोंड. चारही प्रश्न एका पानावर कोंबले तर संवाद फुकट गेला. पहिल्या प्रश्नाला पूर्ण खोली दाखवा: पलंग, पडदे, दारात उभी मुलगी. खोली थोडी जास्त मोठी, मुलगी थोडी जास्त लहान. 'आजी, तुझे कान केवढे मोठे!' दुसऱ्याला जवळ जा; टोपडं आणि पांघरूण यांच्यामधल्या फटीतले डोळे. तिसऱ्याला पांघरुणावरचा हात, बाकी काही नाही. या तीन पायऱ्यांत रंगही कमी करत न्या, म्हणजे लाल टोपी अधिक उठून दिसेल. मग उजव्या पानाच्या तळाशी, भोवती भरपूर मोकळी जागा सोडून: 'आणि आजी, तुझं तोंड...'

उलटा.

या पुढच्या जोडपानावर काय ठेवायचं, यात तुमचं पुस्तक कसं आहे ते ठरतं. दोन्ही पानं भरून जबडा काढता येईल. काळंकुट्ट जोडपान आणि त्यात एक लाल ठिपका, हेही चालेल. मला स्वतःला तिसरा पर्याय भावतो: तीच खोली, पडदा हलतोय, खुर्ची पडलीय, पलंगावर मोठा उंचवटा आणि कोपऱ्यात टोपली. खाणं दाखवलंच नाही, तरी ते झालं हे सगळ्यांना कळलं.

गुस्ताव्ह दोरे यांनी पेरोच्या कथांसाठी केलेली चित्रं १८६२ च्या आवृत्तीत आली. त्यातलं एक चित्र मिळवून जरूर पाहा: मुलगी आणि आजीचं टोपडं घातलेला लांडगा एकाच अंथरुणात आहेत आणि मुलीचे डोळे त्याच्यावर खिळलेत. रंग नाही, हल्ला नाही. तिला कळतंय आणि पूर्ण कळलेलं नाही, असा तो क्षण. चित्रासाठी क्षण निवडायचा तो असा, घटनेच्या किंचित आधीचा.

दिशेचाही उपयोग होतो. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून उजवीकडे चालणारं पात्र पुढे जातंय असं वाटतं. मुलीला डावीकडून उजवीकडे चालवा, लांडग्याला उजवीकडून आत आणा; अडथळा आपोआप जाणवेल. घरी परत येताना तिला उलट दिशेनं चालवा. हा नियम तोडता येतो, पण जाणून तोडावा.

सहावी पायरी: पात्रं आणि जग

मुख्य पात्राचा एक तक्ता करा: समोरून, बाजूनं, मागून, बसलेलं, धावताना, रडताना. एकूण उंची डोक्याच्या किती पट, टोपीची गाठ कोणत्या बाजूला, बुटाला बटणं किती, हे लिहून ठेवा. मुलं फार बारकाईनं पाहतात. सातव्या पानावर गाठ उजवीकडे गेली तर ती विचारणारच.

जग कोणतं, हेही ठरवा. जर्मन जंगलाचं वातावरण घेणार असाल तर तिथली झाडं, घरं, चुली, कपडे यांची चित्रं अभ्यासा; 'जुन्या काळचं काहीतरी' असं धूसर जग मुलांना पकडून ठेवत नाही. गोष्ट दुसऱ्या भूमीतही नेता येते. चिनी लोककथेतली लाल टोपीवालीची बहीण शोभावी अशी एक कथा एड यंग यांनी उभ्या पट्ट्यांच्या चित्रांतून सांगितली आणि त्या पुस्तकाला १९९० चं कॅल्डेकॉट पदक (चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकन पुरस्कार) मिळालं. तिथली मुलं घरात शिरलेल्या लांडग्याचा स्वतःच काटा काढतात. अशा प्रदेशबदलात कपडे बदलून भागत नाही; घर कसं आहे, संकट कुठून येतं, माणसं एकमेकांशी कशी बोलतात, सगळंच बदलतं.

शैली शोधताना जुन्या मंडळींकडे अभ्यास म्हणून पाहा. आर्थर रॅकहॅम यांची शाईची वेडीवाकडी रेघ आणि तिच्यावरचे मातकट, पारदर्शक रंग. झाडांना चेहरे फुटल्यासारखं वाटतं. इव्हान बिलिबिन यांची रशियन कथांची चित्रं, जाड बाह्यरेषा आणि नक्षीदार चौकटी. रॅकहॅमनीच १९१९ मध्ये सिंड्रेला जवळजवळ पूर्ण छायाकृतींत केली. चेहऱ्याचे भाव काढणं जमत नसेल तर छायाकृती हा फार चांगला मार्ग आहे. काळा कागद आणि कात्री एवढ्यावर पुस्तक होऊ शकतं.

एका सवयीपासून मात्र सावध राहा. सुंदर ती चांगली आणि कुरूप ती दुष्ट, गोरा तो राजपुत्र आणि काळा तो खलनायक, हे परीकथांच्या चित्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. चेटकिणीला कुबड आणि वाकडं नाक दिलं की काम सोपं होतं खरं, पण तसं शरीर असलेलं मूलही तुमचं पुस्तक उघडणार आहे. दुष्टपणा वागण्यातून दाखवा. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतली चेटकीण नीटनेटकी, हसरी, स्वच्छ पदर खोचलेली काढून बघा. ती कितीतरी जास्त अंगावर येते.

सातवी पायरी: भीतीचं काय करायचं?

लांडग्यानं कुणाला खाल्लंच नाही, आजी कपाटात लपली होती, शेवटी सगळे मित्र झाले, अशी पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत. मला ती पटत नाहीत. धोका खरा नसेल तर सुटकेला अर्थ उरत नाही, आणि मुलांना ते कळतं. पण भीती ठेवायची म्हणजे रक्त दाखवायचं असं नाही. ग्रिमच्या सिंड्रेलात सावत्र बहिणी बुटात पाय बसावा म्हणून एक अंगठा आणि दुसरी टाच कापते. सहा वर्षांच्या मुलाला हे चित्रात देऊ नये असं मला वाटतं. दहा वर्षांच्या मुलाला मजकुरात देता येईल.

एक व्यवहारी उपाय आहे. सर्वांत भीतीदायक जोडपानाच्या आधी आणि नंतर शांत पान ठेवा, आणि भीतीच्या पानावरही आधाराची एक खूण सोडा: खिडकीबाहेर दूरवर येणारा शिकारी, किंवा उघडं राहिलेलं दार. घाबरलेलं मूल चित्रात तेच शोधतं.

ग्रिम बंधूंनाही हा प्रश्न सुटला नव्हता. त्यांचा १८१२ चा खंड चित्रांशिवाय, अभ्यासकांच्या टिपांसह निघाला होता, आणि हे मुलांना कसं द्यायचं अशी टीका झाली. १८२५ मध्ये त्यांनी निवडक ५० कथांची छोटी आवृत्ती काढली. तिच्यात त्यांचे धाकटे भाऊ लुडविग एमिल ग्रिम यांची चित्रं होती. घराघरांत पोचली ती ही आवृत्ती.

आठवी पायरी: अक्षर, रंग, छपाई

हा भाग रुक्ष आहे, पण यात चुकलं तर चांगली चित्रंही वाया जातात.

चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त रंगवा. कापताना कड हलते. चेहरा, हात किंवा मजकूर मधल्या घडीवर येऊ देऊ नका, घडी तो गिळते. स्कॅन छपाईच्या आकाराला ३०० डीपीआयचं (दर इंचाला ३०० ठिपक्यांचं) हवं. पडद्यावर चमकणारे निळे, जांभळे, हिरवे रंग चार शाईंच्या छपाईत मंद होतात. तुमची टोपी लाल असेल तर त्या लालचं एक छापील प्रूफ (चाचणीचा नमुना) आधीच मागवा.

मजकुराची जागा पहिल्या कच्च्या चित्रातच राखून ठेवा. देवनागरीला वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार यांसाठी ओळींत जास्त अंतर लागतं. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवलं की वाचायला मोकळं वाटतं. अक्षर १८ ते २२ पॉइंटचं असू द्या. मूल स्वतः वाचणार असेल तर जोडाक्षरं कमी करा. मजकूर चित्रात हातानं रंगवून टाकू नका. तो वेगळ्या थरावर, फक्त काळ्या शाईत ठेवला तर दुरुस्ती आणि दुसऱ्या भाषेतली आवृत्ती, दोन्ही सोपं जातं.

नववी पायरी: वाचून दाखवा, मग पाठवा

चित्रं रंगवण्याआधी, कच्च्या डमीसकट, मुलांना वाचून दाखवा. 'आवडलं का?' असं विचारू नका. मुलं हो म्हणतात. त्यांचे हात बघा. कुठे ती पान आधीच उलटायला जातात? तिथे मजकूर जास्त झाला. कुठे बोट ठेवून थांबतात? तिथे चित्राला आणखी जागा द्या. नंतर दुसऱ्या कुणाला तरी तेच मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही ऐका. तो अडखळतो ते वाक्य बदलायचं, कितीही लाडकं असलं तरी.

प्रकाशकाकडे जाताना पूर्ण मजकूर, कच्च्या चित्रांची ३२ पानी डमी आणि पूर्ण रंगवलेली दोन-तीन जोडपानं पुरतात; त्यातलं एक शांत पान असू द्या आणि एक थरारक. तुम्ही मूळ कोणत्या आवृत्तीवर काम केलं आणि कुठे बदल केला, हे चार ओळींत लिहा. संपादकाला पहिला प्रश्न हाच पडतो की या गोष्टीचं आणखी एक पुस्तक का? तुम्ही फक्त लिहीत असाल, तर चित्रकार स्वतः शोधून त्याच्याकडून सगळं पुस्तक रंगवून घेण्याची घाई करू नका. चित्रकार निवडणं हे बहुतेक प्रकाशक आपलं काम मानतात. मजकुराबरोबर एक साधा तक्ता द्या: प्रत्येक जोडपानावर कोणते शब्द आणि चित्रात घडायलाच हवं असं काय. तिथे पडद्याचा रंग किंवा आजीच्या टोपड्याची झालर लिहू नका. ते चित्रकाराला शोधू द्या.